बाही शिवायची राहिली

बाई जिना चढून वर आल्या, तेव्हा कारकुनाने घड्याळ बघून रजिस्टर पुढे सरकवलं.

"आलात? मला वाटलं, या खेपेला तरी घरी बसाल."

"घरी बसून काय माश्या मारू?" बाईंनी सही ठोकली. "आज कुणाची पाळी?"

"त्या लांब वेणीवालीची. परीक्षेचा शेवटचा पाठ. इंग्रजीची मास्तरीण होणार म्हणून घरी भांडून एवढ्या लांब आली म्हणे. आज पाठ फसला तर गाशा गुंडाळून परत. तिचं काही खरं नाही, बाई."

"बघू."

"तुम्ही लगेच पाघळता."

"तू तुझं रजिस्टर सांभाळ," बाई म्हणाल्या. जुन्यांपैकी त्यांना ओळखणारा हा एकटाच उरला होता, म्हणून तर त्याची एवढी जीभ चालायची.

खोली तीच होती. खिडकीची कडी अजून तशीच अर्धवट लागायची. बाई शेवटच्या बाकावर बसल्या, वही उघडली, पेनाचं टोपण काढलं. पुढे सातआठ मोठी माणसं बसली होती. बेकरीवाला, ड्रायव्हर, दवाखान्यातली आया. दिवसभर राबून इथे फुकट इंग्रजी शिकायला यायची, आणि नवशिके शिक्षक त्यांच्यावर शिकवायचा सराव करायचे. लांब वेणीवाल्या पोरीने "गुड ईव्हनिंग" नुसतं पुटपुटलं. शेवटच्या बाकांकडे बघायचं ती कटाक्षाने टाळत होती.

बत्तीस वर्षांपूर्वी बाईंनीही तेच केलं होतं.

तेव्हा त्यासुद्धा घरापासून लांब, याच फळ्यासमोर उभ्या होत्या. दाराच्या कडीत अडकून कोटाची बाही उसवलेली, आणि डोक्यातलं सगळं साफ पुसलेलं. शेवटच्या बाकावर एक जाडजूड शिंपी बसायचा. वर्गातला सगळ्यात ढ, बाई अडल्या की नेमका हात वर करून "कळत नाही" म्हणायचा. पण स्वभावाने गोड माणूस. बाईंनी किती वेळा म्हटलं, "काका, एवढी बाही शिवून द्या ना." रोज नवी सबब. आज सुई मोडली, उद्या दोरा संपला. बाही शिवायची राहिली ती राहिलीच. तो कोट बाईंनी अजून टाकलेला नाही. त्या दिवसांची आठवण आली की त्यांना आजही गलबलून येतं.

समोर पोरीने कागद वाटले आणि भरभर सूचना सांगायला लागली. बाईंनी मनात कपाळावर हात मारला. अगं, आधी करून दाखव, मग कागद वाट! प्रशिक्षणात पहिल्याच दिवशी हेच तर घोकून घेतात.

"कळलं ना सगळ्यांना?" पोरीने विचारलं.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मोठ्या माणसांचं हेच वाईट. बिचारीचं मन मोडू नये म्हणून कळलं म्हणतात. मग कामाला कुणीच लागेना. बेकरीवाला कागद उलटा धरून बसला. पोरगी कोरा फळाच पुसायला लागली. आता ही रडणार, बाईंना दिसत होतं. हिचं पुढचं सगळं आयुष्य या पाच मिनिटांवर टांगलेलं होतं, आणि बाईंच्या हातात पेन होतं.

बाईंनी पेन खाली ठेवलं. हात वर केला.

"टीचर... मी... कळत नाही," अडखळत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत त्या म्हणाल्या. "तू कर. मी बघते?"

पलीकडच्या खुर्चीतल्या परीक्षकाने मान वळवून बघितलं. एवढ्या वयाची बाई आणि एवढं साधं कळू नये! पण पोरीच्या चेहऱ्यावर जीव आला. तिने कागद घेतला, बेकरीवाल्याला शेजारी उभं केलं आणि करून दाखवलं. दोन मिनिटांत वर्गात नुसता कलकलाट.

परीक्षकाने पास केल्यावर पोरगी धावत आली आणि बाईंच्या गळ्यात पडली. "आजी, तुम्ही अजिबात घाबरू नका हं. हळूहळू येईल तुम्हालाही इंग्रजी."

"थँक यू, टीचर," बाई म्हणाल्या.

खाली कारकुनाने पुढच्या सत्राचा, विद्यार्थ्यांचा अर्ज काढून ठेवलाच होता. "इयत्ता अगदी पहिली, ते माहीत आहे. धंदा काय लिहू?"

"शिंपीकाम," बाई म्हणाल्या. "आणि कुणी बाही शिवून मागितली, तर सांग, दोरा संपलाय."