अपेंडिक्सचा वण

"तेल मीच लावणार." रमाबाई खोबरेलाची वाटी घेऊन पलंगाशी उभ्या राहिल्या. "सहावा लागला की पोटाची कातडी ताणते, खाज सुटते. लाजतेस काय? सासू आहे मी, डॉक्टर नाही."

कादंबरीला नेमकी त्याचीच धास्ती होती. डॉक्टरांपुढे तिला कधी लाज वाटली नव्हती.

नोएडातल्या त्या फ्लॅटमध्ये रमाबाईंच्या नजरेतून काही सुटत नसे. भाजीवाल्याच्या मुलीचं लग्न कुठे अडलंय, वरच्या शर्माजींची साखर किती वाढलीय, सगळं त्यांना ठाऊक. लग्न होऊन नागपूरहून दिल्लीला आल्या, त्याला जन्म लोटला, पण चौकशीची हौस फिटली नव्हती. अशा बाईपासून कादंबरीने लग्नापासून आपलं पोट लपवलं होतं, म्हणजे तिचीही कमालच.

आज मात्र पळवाट नव्हती. तिने कुर्ता वर केला. बेंबीपासून सरळ खाली गेलेला लांब वण पोट वाढल्यापासून जास्तच उठून दिसत होता.

रमाबाईंचा हात थांबला. "हे कशाचं गं?"

"अपेंडिक्सचं, आई."

"हं." त्या तेल चोळू लागल्या. "माझंही काढलंय. विनयच्या आधी. असाच लांबलचक वण आहे. जुने डॉक्टर, एकदा कापायला लागले की हात आखडता घेत नसत."

कादंबरीचे डॉक्टर काही जुने नव्हते. पण रमाबाईंनी पुढे काही विचारलं नाही आणि तिचा जीव भांड्यात पडला.

खरं काय ते फक्त तिच्या नवऱ्याला, विनयला माहीत होतं. लग्नाआधी कादंबरीच्या उजव्या अंडाशयात कॅन्सरची गाठ निघाली होती. अगदी सुरुवात होती, आजार एकाच बाजूला होता. डॉक्टर अलकनंदांनी तेवढं एक अंडाशय काढलं. दुसरं राखलं, गर्भाशय राखलं. "बाकी घर शाबूत आहे," त्या म्हणाल्या होत्या. "आपण नजर ठेवू. मूल हवं असेल तर फार उशीर मात्र करू नकोस."

विनयला हे तिने लग्न ठरायच्या आधीच सांगितलं, कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका कँटीनमध्ये. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"अच्छा. आणि आता ठीक आहेस?"

"आता ठीक आहे."

"मग चलो, वडा खा. गार होतोय." थोड्या वेळाने म्हणाला, "फक्त आईला नको सांगूस, यार. तिला झेपायचं नाही."

तिने नाही सांगितलं. बाळाच्या तपासणीला रमाबाई बरोबर येत आणि बाहेर बसून राहत. अलकनंदांकडे ती ऑफिसची मीटिंग आहे म्हणून एकटीच जाई. तेल लावलं त्यानंतरच्या मीटिंगला निघताना रमाबाईंनी दारातच तिच्या तळहातावर दहीसाखर ठेवली.

"मीटिंगला दही?" विनय हसला. "बाबांबरोबर मुंबईला जायचीस, तेव्हा अशीच दही खाऊन निघायचीस."

"खायचे. म्हणून तर सुखरूप परत यायचे."

दर हिवाळ्यात रमाबाई आणि शामराव मुंबईला जाऊन येत. परळला कोणी मावशी होती, विनयने तिला कधी पाहिलं नव्हतं. पुढे ते जाणं थांबलं, मग शामरावही गेले.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण झालं. सोसायटीतल्या सगळ्या बायका आल्या. हिरव्या साडीत, फुलांच्या वाडीत कादंबरी बसली होती आणि तिला फार बरं वाटत होतं. हे घर तिला आवडत होतं. सासूही आवडत होती, चौकशांसकट.

"माझी सून अगदी निकोप," रमाबाई प्रत्येकीला सांगत होत्या. "कधी डोकं दुखलं म्हणून ऐकलं नाही."

ते ऐकून तिला खाल्लेला लाडू गोड लागेना. बाळंतपणानंतर तपासण्या वाढणार होत्या, मीटिंगा तरी किती सांगायच्या? सांगितलं तर ही बाई आज पाहते तशी आपल्याकडे पुन्हा पाहणार नाही, एवढीच तिला भीती होती. पण खोटं बोलून मिळवलेलं कौतुक तिला आता सोसवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी विनय भाड्याच्या खुर्च्या परत करायला गेला, तशी ती स्वयंपाकघरात आली.

"आई, मला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. माझ्या त्या ऑपरेशनबद्दल."

रमाबाईंनी ओट्याला घट्ट धरलं. चेहरा घामाने डबडबला होता. "सांग. पण आधी मला बसव. सकाळपासून पोटात कळा येतायत."

सांगायचं राहिलं. विनयला फोन गेला, गाडी आली, जवळच्या हॉस्पिटलात रमाबाईंना दाखल केलं. विनय खाली काउंटरवर होता. वर कादंबरी त्यांच्या पलंगाशी बसली होती. स्कॅनच्या फिल्म घेऊन तरुण डॉक्टर आत आले.

"आंटीजी का पहले कोई ऑपरेशन हुआ है?"

"जी, अपेंडिक्स का," कादंबरी म्हणाली. "बहुत साल पहले."

डॉक्टरांनी फिल्म पुन्हा उजेडात धरली.

"अपेंडिक्स तो अपनी जगह पर है. उसी में सूजन है, आज ही निकालना पड़ेगा." मग ते रमाबाईंकडे वळले. "हाँ, बाईं ओवरी नहीं है. वो कब निकाली थी, आंटीजी?"

रमाबाईंनी चादरीखालून हात काढला आणि कादंबरीचा हात चाचपून घट्ट धरला.

"विनयला नको सांगूस," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला झेपायचं नाही."