कचरा सोडून सगळं

कॉम्प्युटर अजून बोलत नव्हता.

ती खुर्चीच्या कडेवर बसून होती, मुठी आवळून. शेजारी नवऱ्याचा श्वास ऐकू येत होता आणि माऊसची टिकटिक. टिकटिक मघापासून वाढली होती. उभा जन्म लिफ्ट दुरुस्त करण्यात घालवलेला हा माणूस, काम सरळ चाललं असलं की शीळ घालतो. आज सकाळपासून शीळ नव्हती.

"काय लिहिलंय स्क्रीनवर?" तिनं विचारलं.

"काही नाही."

"काही नाही म्हणजे कोरी आहे, की मला सांगण्यासारखं काही नाही?"

"अगं, जरा दम धर ना. होतंय."

गेले तीन आठवडे हे 'होतंय' चाललं होतं. कॉम्प्युटरमधली जुनी सिस्टीम म्हातारी झाली, कंपनीनं तिच्याकडे पाठ फिरवली, म्हणून नवरोबांनी दुसरी घालायचा चंग बांधला. पहिलीला इंटरनेट सापडेना. दुसरीला प्रिंटर दिसेना. त्यांचं तिला काही सोयरसुतक नव्हतं. पण तिसरी मुकी निघाली आणि तिची झोप उडाली. तिला दिसत नाही. तेराव्या वर्षी तापात डोळे गेले. स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा आवाज नसेल तर तिच्या लेखी ते यंत्र म्हणजे नुसती गरम होणारी पत्र्याची पेटी. त्या तिन्ही त्यानं पेनड्राइव्हवरून चालवून पाहिल्या होत्या. पेनड्राइव्ह काढला की जुनी आपली जागच्या जागी. आज चौथी होती, आणि कायमची.

"अहो, जुनीच राहू द्या ना. माझं चाललं होतं."

"चाललं कसलं, रांगत होतं. आणि आता मागे फिरता येत नाही. जुनी गेली."

ती त्याच्याकडे वळली. विचारायला तोंड उघडणार, तेवढ्यात आवाज आला. पुरुषाचा, नाकातून बोलणारा, जोडाक्षराला ठेचकाळणारा.

"डेस्... क... टॉप."

"बोलला!" नवरा ओरडलाच. "बघ, बोलला की नाही!"

शीळ सुरू झाली. तिला हसू फुटलं. मुठी सुटल्या तेव्हा कळलं, नखं तळव्यात रुतली होती. तिनं खुर्ची पुढे ओढून कीबोर्डवर बोटं ठेवली.

"तुझं सगळं आधी काढून ठेवलं होतं, ते परत आत टाकलंय," तो म्हणाला. "बघून घे एकदा."

तिनं आपल्या फोल्डरांची यादी उघडली. "गाणी," आवाज म्हणाला.

गाणीच्या आधी एक नाव यायला हवं होतं. तिनं वरचा बाण दाबला. "गाणी." पुन्हा दाबला. "गाणी."

नव्या सिस्टीमची मांडणी वेगळी असेल, तिनं स्वतःला समजावलं आणि खाली निघाली. डॉक्टर. पत्रे. मुलीचे लग्न. वर्गाचे धडे. पुढची कळ. "वर्गाचे धडे." यादी संपली की आवाज शेवटचंच नाव पुन्हा सांगतो, हे तिला माहीत होतं. तरी तिनं ती कळ आणखी तीनदा दाबली.

"अहो, सगळं घेतलंत ना?"

"सगळं. कचरा सोडून सगळं."

तिनं कळेवरचं बोट उचललं.

"कचरा नावाचं एक फोल्डर होतं बघ तुझ्यात. म्हटलं, असेल सिस्टीमचा उकिरडा. नव्या घरात जाताना कोणी कचरा बांधून नेतं का?" स्वतःच्या विनोदावर तो स्वतःच हसला.

ते नाव तिनंच ठेवलं होतं. नवरा चौकस, मुलगी त्याच्या वरताण. या नावाला कोणी हात लावणार नाही म्हणून ती स्वतःच्या हुशारीवर खूश होती. आत ती सहा वर्षं लिहीत होती. डोळे जायच्या आधी जे जे पाहिलं, ते सगळं. एकेक गोष्ट पुसट व्हायला लागली तेव्हा घाबरून लिहायला बसली होती. एकदा लिहून झालं की मग ती निर्धास्तपणे विसरायची.

"जुनं काही... उरलं असेल का हो कुठे कोपऱ्यात?"

"छे! डिस्क तीनदा पुसली. व्हिडिओत सांगितलं तस्संच. नामोनिशाण नाही." त्याच्या आवाजात कौतुकाची अपेक्षा होती.

ती घाईघाईनं आठवायला लागली, घराला आग लागल्यावर हाताला येईल ते बाहेर काढावं तसं. माहेरचं दार निळं होतं. निळं. शाळेच्या पायऱ्या दगडी होत्या, सात की नऊ? आई. आईचा फोटो कोणी कधी काढलाच नाही. आईच्या गालावर मस होता, हसली की वर सरकायचा.

"तुम्ही माझ्या आईला पाहिलं होतंत?"

"मी कुठून पाहणार? आपल्या लग्नाआधीच गेल्या ना त्या." शीळ थांबली. "का गं?"

तिचं बोट डाव्या गालावर गेलं. तिथं जरा थांबलं. मग उजव्या गालावर गेलं, आणि पुन्हा डाव्या.