पुसलेली नोकरी

माजी सैनिकांच्या दवाखान्यात आठवणी वाचणारं यंत्र हवालदार रंगराव करांड्यांच्या डोक्यावरून काढत खिडकीतली बाई म्हणाली, “काका, तुमच्या आठवणीत युद्धच नाही. पायाची जखम लष्करातली धरता येत नाही. उपचाराचा खर्च तुम्हालाच करावा लागेल.”

“निवृत्तीच्या दिवशी, गुपितं फुटू नयेत म्हणून, सगळी नोकरी तुम्हीच पुसलीत. आता तीच आठवण मागता?”

“नियम आहे, काका.”

रंगरावांनी मागे पाहिलं. रांगेतले सगळेच असे पुसलेले. कुणी कुबडीवर, कुणी भिंतीला टेकून. कुठून आला कोण जाणे, पण रंगरावांच्या छातीतून शब्द फुटला, “सावधान!”

रांगेतल्या टाचा एकदम जुळल्या. भिंतीला टेकलेलेही ताठ झाले.

रंगराव खिडकीकडे वळले. “लिही पोरी, हे आम्ही कुठं शिकलो ते. तोवर मी विश्राम म्हणणार नाही.”