सगळ्या गाड्या थांबल्या

शाळेसमोर 'थांबा'ची पाटी धरणाऱ्या वाहतूक पथकातल्या मुलांना बाईंनी बजावलं होतं, "जी गाडी थांबणार नाही तिचा नंबर वहीत लिहायचा. मग ती हेडसरांची का असेना!"

आज उशीर झाला म्हणून बाईंनी स्वतःचीच स्कूटर त्या पाटीसमोरून दामटली. शाळा भरल्यावर सगळ्यांसमोर वही उघडताना त्यांनी आधी स्वतःचा नंबर शोधला. पण पाटी धरणाऱ्या मुलीने लिहिलं होतं, 'आज सगळ्या गाड्या थांबल्या.' बाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी ते खणखणीत आवाजात वाचलं. टाळ्याही झाल्या.

टाळ्या ओसरल्यावर मुलीने मान खाली घालून खांद्यावरचा पथकाचा पट्टा काढला आणि बाईंच्या हातात दिला.

"दुसऱ्या कुणाला तरी द्या, बाई. मी वहीत खोटं लिहिलंय."