परग्रहावरचं सूप

विज्ञानकथा लिहिणाऱ्या नवऱ्याचं एकही पुस्तक तिने वाचलं नव्हतं. "घर आवरता आवरत नाही, तुमची आकाशगंगा कधी वाचू?" म्हणायची. चाहत्यांच्या मेळाव्यात मात्र तीही जेवायला बसली. मंडळींनी हौसेने कादंबरीतलं परग्रहावरचं सूप वर्णनाबरहुकूम बनवलं होतं. पहिल्याच चमच्याला ती थबकली. तोच करपट वास, त्याच गुठळ्या, तेच घसा सोलणारं मीठ! लग्नानंतर तिने केलेलं पहिलंच सूप! तेव्हा हा पठ्ठ्या "झकास" म्हणत दोन वाडगे ओरपून मोकळा झाला होता. त्याला ते खरंच आवडलं, असंच तिने मानलं होतं. "सर, असलं भयंकर सूप तुमचा कप्तान मागून मागून का खातो?" एका चाहतीने विचारलं. "पुस्तकात तुम्ही कारणच दिलेलं नाही." नवऱ्याने मान खाली घातली. हसू दाबत तीच म्हणाली, "रांधणारी दारात उभी राहून बघत असेल." त्याने रिकामा वाडगा तिच्यापुढे धरला.