अंगणापलीकडचा आवाज

“फोनचं दावं सुटलं म्हणून तू गावभर हिंडू नकोस हं, आई. बैठकीतल्या त्या बेसपासून लांब गेलीस की आवाज तुटणार.” नवा कॉर्डलेस फोन जोडून देताना लेकीने बजावलं होतं.

ती सासरी परतली. आज सकाळी जप आटोपून मी माळ ठेवली, तोच फोन वाजला. उचलला, तर नुसती खरखर.

“कोण बोलतंय?”

खरखरीच्या तळाशी कुणीतरी श्वास घेतला.

फोन कानाला लावूनच मी स्वयंपाकघरात जाऊन दुधाखालचा गॅस बंद केला. खरखर कमी झाली. मागच्या दारात आले, तर श्वास अगदी जवळ ऐकू आला. परत बैठकीत बेसपाशी गेले, पुन्हा खरखर. लेकीने सांगितलं त्याच्या उलटच चाललं होतं.

मी अंगण ओलांडलं. रस्त्यावर पाऊल ठेवलं आणि आवाज ओळखीचा झाला.

“अगं, किती वेळ? तुझं देवदेव संपायचं कधी?”

माझी ताई. तिला जाऊन वर्ष होत आलं. शेवटी माझा हात घट्ट धरून म्हणाली होती, “एकटीला भीती वाटते गं.” मी शब्द दिला होता, “तू हाक मार, मी येईन.”

“ताई, कुठे आहेस?”

“अजून थोडी पुढे ये. नीट ऐकू येत नाही.”

शेजारीण गच्चीवरून हसली. “काकू, घरचा फोन घेऊन कुठे निघालात?”

“बहिणीकडे,” म्हटलं, आणि स्मशानाकडच्या उताराच्या वाटेला लागले.