न अडकणारी जीप

हरिचंद्रने जीपची पुढची सीट फडक्याने पुसली, आणि त्याची आई त्या सीटकडे न बघता सरळ पुढे जाऊन धाकट्याच्या जीपमध्ये बसली.

बदलापूरच्या अख्ख्या आळीने हे पाहिलं. आईचं, गोदूबाईचं, माहेर बारवी धरणाच्या पलीकडे, डोंगराच्या अंगाला. तिकडे हळद असो, साखरपुडा असो की कुणी नुसतं आजारी असो, निघताना हाच तमाशा. ब्याण्णव साली जमीन बिल्डरला गेली तेव्हा दोघा भावांनी जीपच घेतल्या. हरिचंद्रने कोरी घेतली, खटका ओढला की चारही चाकं ओढणारी. धाकट्या बाळाने आनंदनगरच्या एका बंद कारखान्यामागे जिच्यात कोंबड्या अंडी घालत होत्या ती घेतली. तिची मागची दोनच चाकं ओढायची, तीही मनात आलं तर. वाटेतल्या ओढ्यात ती दर खेपेला रुतायची. तरी बय, म्हणजे आई, त्याच्याच शेजारी.

हरिचंद्रने याचा शास्त्रीय विचार केला. शिमग्याला बय एकदाच त्याच्या जीपमध्ये बसली, तेव्हा चढणीवर एक चाक जागच्या जागी फिरलं होतं आणि तिने भीतीने दांडा घट्ट धरला होता. म्हणजे प्रेमात काही कमी नव्हतं. दोष गाडीत होता.

तो उल्हासनगरला, कॅम्प दोनमधल्या टेकचंदच्या गॅरेजात गेला. टेकचंदने आधी चहा मागवला आणि मग विचारलं, चारही चाकं कायमची जोडून हवीत, की आहे तसा खटका राहू दे? कायमची जोडली तर गाडी डिझेल पिते. हरिचंद्र म्हणाला, पिऊ दे. मग टेकचंदने जीपखाली वाकून मागचा लोखंडी गोळा दाखवला. हा डिफरन्शियल. दोन चाकांना जोर वाटून द्यायचं काम याचं. पण एक चाक चिखलात घसरायला लागलं की हा सगळा जोर त्यालाच देत सुटतो. जे सुक्यावर नीट उभं आहे, ते बिचारं तसंच उभं.

"घसरतं त्यालाच सगळं?" हरिचंद्रने विचारलं.

"साईं, त्याचा नेचरच तसा. क्या करें."

हरिचंद्र चहा विसरला. ज्या घरात तो चाळीस वर्षं राहत होता ते घर कुणीतरी लोखंडात ओतून जीपखाली बसवलं होतं. बाळा दहावीला दरवर्षी बसायचा, आणि निकालाच्या दिवशी बय त्याच्यासाठी दरवर्षी कोंबडं कापायची. हरिचंद्र पहिल्याच खेपेला पास झाला तेव्हा म्हणाली होती, बरं झालं, आता जरा पाणी भर.

टेकचंद म्हणाला, इलाज दोन आहेत. एक, घसरणाऱ्याचा थोडा जोर काढून दुसऱ्याला देणारा. दुसरा पक्का लॉक, म्हणजे कुणी घसरो की न घसरो, दोन्ही चाकं सारखीच फिरणार. पण लॉकवाली गाडी डांबरी रस्त्यावर वळताना कुरकुरते, टायर खाते.

"लॉक कर," हरिचंद्र म्हणाला. "दोघांना सारखं."

दसऱ्यानंतर माहेरी बारसं निघालं. हरिचंद्रने बयला जवळजवळ उचलूनच शेजारी बसवलं. जीप ओढ्यात उतरली आणि वर आली. मध्ये काही घडलंच नाही. पोचले तेव्हा पाळणासुद्धा बांधून झाला नव्हता. बय ओट्यावर बसून वाटेकडे बघत राहिली.

बाळा आला तो जेवणाच्या वेळेला. रुतला होता. त्याच्यामागून ओढ्याकाठच्या वाडीतले बारकू, वाळू, चंद्री, ढकलायला आलेले सगळेच चिखलाने माखून, हसत हसत बारशालाच आले. गोदूबाईने एकेकाला धरून विचारलं, कुठलं चाक गेलं, खांदा कुणी लावला, खाली फांद्या कसल्या टाकल्या. ऐकता ऐकता तिचं तोंड उतरत गेलं.

परतताना ती सरळ बाळाच्या जीपकडे निघाली. हरिचंद्र आडवा उभा राहिला. पाहुणे बघत होते, पण त्याला आता लाज उरली नव्हती. माझ्या गाडीत काय कमी आहे ते एकदा सांग, म्हणाला.

"काय पन नाय रं," गोदूबाई म्हणाली. "तुज्या गारीला कोनाची गरजच नाय. बालाची गारी माज्याशिवाय हालत नाय."

मग तिला त्याची कीव आली असावी. ती त्याच्या शेजारी येऊन बसली.

ओढा मागे पडला. जीपला कळलंसुद्धा नाही. पुढे माळ लागला, ऊन खात पडलेला, ताटासारखा सपाट. हरिचंद्रने तिथे ब्रेक दाबला, इंजिन बंद केलं आणि समोरच्या काचेतून बघत राहिला.

"बय, उतर जरा," तो म्हणाला. "अडकली."

गोदूबाई उतरली. जीपभोवती फिरून तिने कोरड्या जमिनीवर उभी असलेली चारही चाकं पाहिली. मग इकडेतिकडे शोधून एक दगड आणला, मागच्या चाकामागे नीट बसवला, पदर खोचला आणि दोन्ही हात जीपला लावले.

"घे आता," ती म्हणाली. "मी हाय."